चौपदरीकरण झालं म्हणतात, मग मधले तुकडे का राहतात?

मैलाचा दगड (धागालेखक)

नमस्कार मंडळी. राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ साली ९१,२८७ किमी होती, आता १,४६,००० किमीच्या पुढे आहे. चौपदरी आणि त्याहून रुंद रस्ते तेव्हा साधारण १८ हजार किमी होते, २०२३ अखेरीस ४६ हजारांच्या पुढे गेले. आकड्यांबद्दल वाद नाही. प्रश्न वेगळाच आहे.

नकाशावर जाड निळी रेघ सलग असते. रस्त्यावर मात्र १२ किमी झकास चौपदरी, मग एकदम पिंपं, बाण, 'वळण रस्ता', दीड किमी जुना दुपदरी, खड्ड्यांसकट, आणि परत चौपदरी. देशात कुठेही जा, हे चित्र चुकत नाही. उरलेला तुकडा सहसा सगळ्यात अवघडही नसतो, सपाट माळरान असतं. मग नेमका तोच का राहतो? पैसे संपतात, जमीन मिळत नाही, की कंत्राटदार पळतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं. राजकारण नको, ते इतर धाग्यांवर भरपूर आहे.

टोलभैरव

सोपं आहे. तेवढ्या तुकड्यात ड्रायव्हरला जाग यावी म्हणून ठेवतात.

पाटीबदल

मुळात तो पहिला आकडाच नीट वाचा. ५५ हजार किमी वाढले म्हणजे तेवढा नवा रस्ता बांधला असं नाही. त्यातला बराच भाग आधीचा राज्य महामार्ग. अधिसूचना निघाली, पाटी बदलली, रस्ता तोच. 'तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग' हा प्रकार तर त्याहून भारी, घोषणा आधी आणि डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मागाहून. दुपदरीचा चौपदरी केला तरी 'बांधलेली लांबी' म्हणून तेच किमी मोजले जातात. 'रोज इतके किमी' ऐकलं की आधी विचारा, कशाचे किमी?

खडी-डांबर

@पाटीबदल, अर्धं मान्य. पाटी बदलली की रस्ता केंद्राच्या निधीत येतो आणि निदान पक्क्या बाजूपट्टीसह दुपदरी व्हायला लागतो. ते काम खरंच झालंय. २०२०-२१ मध्ये १३,३२७ किमी बांधले, २०२४-२५ मध्ये १०,६६० किमी. हे कागदावरचं नामांतर नव्हे. पण धाग्याचा प्रश्न हा नाही.

सातबारा

मूळ प्रश्नाकडे. जमिनीपासून सुरुवात करतो, कारण गाडी तिथेच रुतते.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. संपादनाच्या पायऱ्या कलम ३ च्या पोटात आहेत. ३ए म्हणजे इरादा जाहीर करणं, राजपत्रात आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्यानंतर २१ दिवसांत ३सी खाली हरकत. ३डी निघालं की जमीन केंद्र सरकारची झाली. ३जी म्हणजे मोबदल्याचा निवाडा, ३एच म्हणजे पैसे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा. आपल्याकडे हा प्राधिकारी बहुतेक ठिकाणी प्रांताधिकारी असतो. पैसे जमा झाल्यावर ३ई ची ६० दिवसांची नोटीस, मग ताबा.

आता ग्यानबाची मेख. ३ए पासून एका वर्षात ३डी निघालं नाही तर ३ए रद्द, पुन्हा पहिल्यापासून. (कोर्टाच्या स्थगितीचा काळ वजा होतो.) संयुक्त मोजणीत एखादा गट चुकला, पोटहिस्से नकाशावर न चढवता नुसते सातबाऱ्यावर असले, किंवा रेखांकन १० मीटर सरकलं, की तेवढे गट मूळ ३ए मधून सुटतात. मग त्यांच्यासाठी पुरवणी ३ए. मुख्य रस्त्याचा ताबा मिळालेला असतो आणि हे ४-५ गट दीड-दोन वर्षं मागे. तुमचा दीड किमीचा तुकडा बऱ्याचदा असा जन्माला येतो. अन्याय, आंदोलन वगैरे काही नाही. मोजणीत राहून गेलेला पोटहिस्सा.

रेवा

@सातबारा, माहितीपूर्ण. पण मोबदला कमी म्हणून लोक अडवतात हेही असतंच की. गणित कसं होतं?

सातबारा

@रेवा, २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत. रेडीरेकनरचा दर, किंवा आधीच्या ३ वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी, यातलं जास्त ते धरायचं. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक, तो राज्य ठरवतं. त्यात झाडं, विहीर, पाइपलाइन, बांधकाम यांचं मूल्य मिळवायचं आणि जी बेरीज येईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर. म्हणजे दुप्पट.

समजा दर एकरी २० लाख आणि गुणक २, तर ४० लाख. विहीर-झाडं ५ लाख. झाले ४५. दिलासा धरून ९०. शिवाय बाजारमूल्यावर निवाड्यापर्यंत दरसाल १२ टक्के. ही रक्कम आयकरमुक्त, कलम ९६.

घोळ कुठे होतो? एक, गावात सगळी खतं मुद्रांक वाचवण्यासाठी कमी किमतीची केलेली असतात, मग सरासरीही कमीच येते. स्वतः खणलेला खड्डा. दोन, ३ए नंतर बिनशेती करून आणली तर ती धरत नाहीत. तीन, आणि सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे हिस्सेदारीचा वाद. वारस नोंद नाही, फेरफार अडकलेला, बहिणींची नावं इतर हक्कात. रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे पडून राहते, पण ज्याचा ताबा आहे त्याच्या हातात दमडी पडलेली नसते. तो जेसीबीसमोर उभा राहणारच. कायद्याने जमीन सरकारची झालेली असते आणि बांधावर माणूस.

निवाडा मान्य नसेल तर ३जी(५) खाली लवाद. त्यामुळे रस्ता थांबत नाही, फक्त रकमेचा वाद चालू राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या तर्सेमसिंग निकालाने जुन्या संपादनांतल्या दिलासा आणि व्याजाची दारंही उघडली.

पक्की सडक

सगळं खापर जमिनीवर फोडू नका. सावित्री नदीवरचा महाडचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला. मनात आणलं की होतं. त्याच मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूर ८४ किमीचं काम २०११ पासून वर्षानुवर्षं रखडलं.

खडी-डांबर

@पक्की सडक, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. सावित्रीच्या जागी नवीन गट घ्यायचा नव्हता, वनजमीन नव्हती, पैसा आणि परवानग्या हात जोडून उभ्या होत्या. पनवेल-इंदापूरला कर्नाळा अभयारण्य, गावठाणं आणि टप्प्याटप्प्याने मिळणारी जमीन. बांधकामाचा वेग ही अडचणच नव्हती. कंत्राटं मोडली, पुन्हा काढली, ते खरं. पण त्याची सुरुवात जागेपासूनच झाली.

टोलभैरव

अमरावती-अकोला विसरलात. जून २०२२, ७५ किमी, १०५ तास ३३ मिनिटं, गिनीज बुक. त्या हिशोबाने सगळा देश वर्षाभरात.

खडी-डांबर

तो एका पदराचा वरचा डांबरी थर होता. खालचे सगळे थर आधीच तयार. पोळीवर तूप किती वेळात लावलं याचा विक्रम म्हणा. तरी प्लांट, डंपर आणि पेव्हर (डांबरी मिश्रण पसरवणारं यंत्र) न थांबता चालू ठेवणं खायचं काम नाही, तेवढं श्रेय द्यावंच लागेल.

उच्चदाब

जमिनीनंतरचा खलनायक कुणी घेतलाच नाही. सेवावाहिन्या. जुन्या रस्त्याच्या कडेने काय काय जातं बघा. ११ आणि ३३ केव्हीचे खांब, गावाची पाणी योजना, फायबर, कधी गॅस. रुंदी वाढवायची तर हे सगळं नव्या हद्दीबाहेर जायला हवं.

क्रम असा असतो. संयुक्त पाहणी, वाहिनीच्या मालक खात्याचं अंदाजपत्रक, महामार्गाच्या बाजूने मंजुरी, देखरेख शुल्काचा भरणा, काम, मग चार्जिंग (नव्या वाहिनीत वीज सोडणं). अतिउच्चदाब वाहिनी असेल तर मनोऱ्याची उंची वाढवायला वीज बंद ठेवावी लागते. उन्हाळ्यात मागणी जास्त म्हणून ती परवानगी मिळत नाही आणि पावसाळ्यात पाया खणता येत नाही. वर्षातले कामाचे महिने मोजा.

पाण्याची लाइन त्याहून वाईट. ती कुठून जाते हे कुठल्याच नकाशावर धड नसतं. पोकलेनचा दात लागला की कळतं.

मैलाचा दगड

म्हणजे जमीन आणि वाहिन्या. पण कंत्राट देतानाच हे सगळं हातात असायला हवं असा नियम आहे ना?

निविदाधारक

@मैलाचा दगड, नियम आहे. त्याच नियमात तुकड्याचं बीज आहे.

ईपीसी म्हणजे सरकार पैसे देतं, कंत्राटदार आराखडा करून बांधतो. इथे साधारण ९० टक्के जागा हातात असल्यावर काम सुरू करायचं. हॅम हा २०१६ पासूनचा प्रकार, ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली ६० टक्के १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी. इथे ८० टक्के जागा. बीओटीत कंत्राटदार स्वतः टोल घेतो. २०१२ नंतर बीओटीची बरीच कामं गाळात गेली, बँका पोळल्या, म्हणून हॅम आणलं.

८०-९० टक्के जागेवर काम सुरू होतं याचाच अर्थ १०-२० टक्के जागा कंत्राटाच्या जन्मापासून अडकलेली असते. ठरलेल्या दिवसांत ती मिळाली नाही तर तेवढा भाग कामातून वगळतात. टोलच्या जुन्या कंत्राटांत ७५ टक्के लांबी वाहतुकीयोग्य झाली की तात्पुरतं पूर्णत्व प्रमाणपत्र मिळायचं आणि वसुली सुरू. उरलेलं पंच लिस्टमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या यादीत. कागदावर प्रकल्प 'पूर्ण', नकाशावर निळी रेघ.

पाटीबदल

+१. आता कळलं निळ्या रेघेचं.

वृक्षवल्ली

वनखात्याला शिव्या पडायच्या आत लिहून टाकते. वनजमिनीला दोन टप्प्यांत मंजुरी असते. पहिली तत्त्वतः, अटींसह. त्या पूर्ण केल्यावर अंतिम. मधला वेळ पर्यायी वनीकरणाची जागा शोधण्यात आणि रक्कम भरण्यात जातो, परवानगी 'नाकारण्यात' नाही. रेखांकन पक्कं करतानाच वनहद्दीचा नकाशा घेतला असता तर निम्म्या अडचणी आल्या नसत्या.

उशीर लागला पण काम बरं झालं असंही उदाहरण आहे. नागपूर-सिवनी दरम्यान पेंचमधून जाणारा एनएच-४४. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी रस्ता उचलून खालून प्राण्यांसाठी ९ मार्ग ठेवले. सगळ्यात लांब ७५० मीटर. कॅमेऱ्यात वाघ, रानकुत्री, चितळ सगळे तिथून जाताना दिसलेत. आधीच आराखड्यात असतं तर स्वस्तात झालं असतं.

घाटमाथा

अवांतर: एक शंका. चौपदरीकरणात जुना रस्ता तसाच ठेवून शेजारी नवा करतात. मग दोन्हींच्या मधोमध लांबच्या लांब भेग का पडते? बऱ्याच महामार्गांवर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात दिसते.

खडी-डांबर

@घाटमाथा, वाट बघत होतो कुणी विचारतंय का.

जुना भराव वीस-तीस वर्षं वाहतूक खाऊन बसलेला असतो. नवा अजून बसायचाय. दोन्हींचं खचणं वेगळं, म्हणून सांध्यावर भेग. ती टाळायची तर जुन्या भरावाच्या उतारावर पायऱ्या कापायच्या, निदान ३०० मिमी रुंदीच्या, आणि नवा भराव त्या पायऱ्यांत गुंतवून थराथराने दाबायचा. गवत-माती खरवडून थेट उतारावर मुरूम ओतला की झालं कल्याण. वरच्या प्रत्येक थराचा सांधा खालच्या सांध्याच्या बरोबर वर येऊ द्यायचा नाही, थोडा सरकवायचा.

दबाईचं प्रमाण भरावाला ९५ टक्के, त्याच्या वरच्या ५०० मिमीला, म्हणजे सबग्रेडला, ९७ टक्के. ओलावा योग्य नसेल तर रोलर शंभर वेळा फिरवा, घनता येत नाही. काळी माती असेल आणि तिचा मुक्त फुगवटा ५० टक्क्यांच्या वर असेल तर ती भरावात चालतच नाही. काढा, किंवा चुना मिसळून सुधारा.

आणि हे कुणी बघत नाही. जीएसबी हा रस्त्याच्या तळाचा, पाणी वाहून नेणारा खडीचा थर आहे. तो भरावाच्या उतारापर्यंत, उघड्यावर न्यायला हवा. रुंदीकरणात बाजूपट्टीची माती त्याच्या तोंडाशी दाबून टाकतात. मग खाली होतो हौद. पाणी आत येतं, बाहेर जात नाही. वरून ट्रक गेला की पाणी उसळून खडीवरचं डांबर सोलून काढतं. लोक म्हणतात डांबर खराब. डांबर बिचारं बुडून मेलेलं असतं.

पक्की सडक

म्हणूनच म्हणतो, सरसकट काँक्रीट करा. कोकणात ३००० मिमी पावसात डांबर टिकणार कसं?

खडी-डांबर

कोकणात काँक्रीट योग्यच. सरसकट नाही. काँक्रीट चुकलं तर ते दुरुस्त होत नाही, फोडावं लागतं.

थर असे: जीएसबी, त्यावर १५० मिमी सुकं दुबळं काँक्रीट, त्यावर १२५ मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, वर साधारण ३०० मिमी एम-४० दर्जाचं पीक्यूसी, म्हणजे रस्त्याचा मुख्य काँक्रीट स्लॅब. साडेचार मीटरवर आडवा सांधा, तिथे दोन स्लॅबना जोडणाऱ्या सळया, डॉवेल. डॉवेल तिरके बसले तर स्लॅब आकुंचन पावताना अडकतो आणि सांधा सोडून भलतीकडे तडकतो. सांधा कापायची वेळ तर सुगरणीच्या हाताची. लवकर कापलं तर कडा तुटतात, उशीर झाला तर काँक्रीट आपली जागा आपण शोधून फुटतं. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशी ५-६ तासांत, थंडीत जास्त वेळाने. त्यानंतर १४ दिवस ओलं गोणपाट. नवव्या दिवशी टँकर यायचा बंद होतो, हा राष्ट्रीय आजार आहे.

डांबरात चुकायच्या जागा वेगळ्या. डब्ल्यूएमएमवर (डांबराखालचा ओलसर खडीचा दाबलेला थर) प्रायमर ०.७ ते १ किलो दर चौरस मीटरला, डांबरी थरांमध्ये ते चिकटावेत म्हणून टॅक कोट ०.२ ते ०.३ किलो. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण पेव्हरमध्ये १४० अंशांखाली नको, रोलिंग ते ९० अंशांखाली जायच्या आत संपवायचं, नाहीतर घनता येत नाही. ताडपत्री न झाकता ४० किमीवरून आलेला डंपर म्हणजे गार झालेली भजी.

रेवा

गार भजी 😄 वाचनखूण साठवली. पण ट्रकच जास्त भरत असतील तर कुठलाही रस्ता काय करणार?

भारमापक

@रेवा, बरोबर जागी बोट ठेवलंत. रस्त्याचं नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. २०१८ मध्ये एकेरी मागच्या ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार वाढला पावणेतेरा टक्के. चौथा घात काढा, नुकसान जवळजवळ ६२ टक्के जास्त. आधी २० वर्षांसाठी आखलेला रस्ता त्या दिवशी आपोआप लहान झाला. हे कायदेशीर भाराचं, जादा भरलेल्याचं वेगळंच.

अवांतरात अवांतर: वाहतूक मोजतात ती पीसीयूमध्ये, म्हणजे किती मोटारींइतकी जागा खाते त्यावर. कार १, दुचाकी अर्धी, बस-ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, बैलगाडी ८. म्हणजे एका बैलगाडीत आठ मोटारी बसतात, हे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या आयआरसीला (इंडियन रोड्स काँग्रेस) १९९० मध्येच माहीत होतं.

टोलभैरव

मग बैलगाडीला आठपट टोल का नाही? अरे हो, टोलच नाही. शहाणे लोक.

निविदाधारक

टोल निघालाच आहे तर लिहितो. २००८ च्या नियमांत एकाच दिशेला दोन नाक्यांत ६० किमी अंतर सांगितलंय, पण अपवादही तिथेच आहेत. दर १ एप्रिलला वाढ होते, ३ टक्के ठोक आणि घाऊक किंमत निर्देशांकाच्या ४० टक्के. नाक्यापासून २० किमीत राहणाऱ्या खासगी गाड्यांना मासिक पास मिळतो, तो मागावा लागतो, कुणी आणून देत नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा ३००० रुपयांत, खासगी कार-जीपसाठी. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवर. समृद्धी आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याचे, तिथे चालत नाही.

पाटीबदल

आणि खर्च? केंद्राच्या भारतमाला महामार्ग योजनेचा पहिला टप्पा, ऑक्टोबर २०१७, ३४,८०० किमी, ५.३५ लाख कोटी. म्हणजे किमीला १५.३७ कोटी. कॅगच्या २०२३ च्या अहवालात मंजूर कामांचा दर ३२.१७ कोटी. दुपटीहून जास्त. यावर कुणी बोलेल का?

निविदाधारक

@पाटीबदल, बोलतो. त्यात तीन गोष्टी मिसळल्यात. जमिनीचा मोबदला वाढला, ते वर सातबारा यांनी सांगितलंच. दुसरं, रस्त्याचा प्रकार बदलला. दुपदरी-चौपदरी धरून केलेल्या अंदाजात सहा-आठ पदरी, प्रवेशनियंत्रित मार्ग आले. दिल्ली-मुंबईच्या मध्यपट्टीत तर आणखी चार पदरांची जागा सोडलीय. तिसरं, आधीचा अंदाजच कच्चा होता. कॅगचा एक आक्षेप असा की हे बदल मूळ मंजुरीच्या चौकटीत बसवून घेतले. तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण 'दुप्पट दर म्हणजे निम्मे खाल्ले' हे गणित चूक.

पाटीबदल

निम्मे नाही म्हणता, म्हणजे काहीतरी आहे 😉

संपादक

राजकारण नको, धागालेखकांची विनंती वाचावी.

काळा ठिपका

सुरक्षेबद्दल अजून कुणीच नाही? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू, त्यातले ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. एकूण रस्त्यांच्या जेमतेम २ टक्के लांबीवर ३६ टक्के मृत्यू.

या धाग्याशी थेट संबंध असा की राहिलेला तुकडा स्वतः धोक्याचा असतोच, पण खरा धोका त्याच्या दोन्ही टोकांना. चौपदरीवर कारला १०० ची मर्यादा. तिथून अचानक समोरासमोरच्या वाहतुकीत. मेंदू अजून दुभाजक धरूनच चालवत असतो. वेग आधीपासून टप्प्याटप्प्याने उतरवायला हवा, १००, ८०, ६०, ४०, प्रत्येकाला वेगळी पाटी आणि लांब निमुळती होत जाणारी कड. प्रत्यक्षात काय असतं? ५० मीटर आधी एक पिंप, त्यावर लाल फडकं.

गतिरोधकाची रेलिंगही बघा. म्हणजे डब्ल्यू आकाराचा धातूचा पट्टा. त्याच्या जोडावर मागून येणाऱ्या वाहनाच्या बाजूचा पट्टा वर हवा. उलटा जोडला तर धडकेत दुसऱ्या पट्ट्याची उघडी कड भाल्यासारखी आत घुसते. बोल्ट लावणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

घाटमाथा

'गतिरोधकाची रेलिंग' नाही हो, क्रॅश बॅरियर. गतिरोधक म्हणजे स्पीडब्रेकर.

काळा ठिपका

दुरुस्ती मान्य. भावना पोचल्या ना.

ऊसपट्टा

भुयारी मार्गांच्या उंचीवरही लिहा कुणीतरी. मोठ्या वाहनांच्या मार्गाला ५.५ मीटर, हलक्या वाहनांच्या मार्गाला ४ मीटर. ऊस किंवा कडबा रचलेली ट्रॉली ४ मीटरमधून जाते का? मग ती उलट दिशेने सेवारस्त्यावरून, नाहीतर दुभाजक फोडून जाते. गावकरी बेशिस्त म्हणून बातमी येते. आराखडा करणाऱ्याने हंगामात एक दिवस त्या चौकात उभं राहून काय जातं ते मोजलं असतं तर?

सातबारा

+१००. आणि हाही तुकडा राहायचं एक कारण. 'आमच्या फाट्याला मोठा बोगदा द्या' म्हणून गाव काम थांबवतं. मागणी बहुतेकदा बरोबरच असते. पण काम चालू झाल्यावर उंची वाढवायची म्हणजे दोन्हीकडचा चढ बदलतो, भराव वाढतो, भरावाचा पाया पसरतो आणि परत जमीन लागते. झालं, पुन्हा ३ए.

मैलाचा दगड

प्रचंड माहिती मिळाली, सगळ्यांना दंडवत. पण माझी मूळ शंका अजून अर्धी शिल्लक आहे. समजा पोटहिस्सा मिटला, खांब हलले, जागा मोकळी झाली. तरी तो दीड किमी पुढे दोन-तीन वर्षं तसाच का पडून असतो?

खडी-डांबर

@मैलाचा दगड, गणितच मांडतो.

दीड किमी, वाढवायची एक बाजू, दोन पदर आणि पक्की बाजूपट्टी धरून पावणेनऊ मीटर. वरचा डांबरी थर (बीसी) ४० मिमी म्हणजे ५२५ घनमीटर, सुमारे १,२६० टन. त्याखालचा डांबरी थर (डीबीएम) ९० मिमी धरला तर सुमारे २,८०० टन. एकूण ४,१०० टनांच्या आसपास. ताशी १६० टनांचा हॉटमिक्स प्लांट हे २६ तासांत बनवतो. तीन-चार दिवसांचं काम!

मुख्य काम संपलं तेव्हा तो प्लांट, क्रशर, पेव्हर सगळं उचलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं असतं. चार दिवसांसाठी प्लांट उभा करायचा तर जागा, पाया, वीज, प्रदूषण मंडळाची संमती. कोण करेल? दुसऱ्याच्या प्लांटवरून आणलं तर अंतर वाढतं आणि मघाची गार भजी.

भराव सरासरी २ मीटर उंच असेल तर दाबून साधारण ४२ हजार घनमीटर. सुट्या मुरुमाच्या हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) तीन हजारांवर खेपा. मुख्य कामाच्या वेळच्या खाणीचा परवाना संपलेला. तो नवा.

निविदाधारक

त्यावर कागदाची बाजू जोडतो. वगळलेला तुकडा मूळ कंत्राटदाराला जुन्या दराने करायचा नसतो आणि तसं बंधनही उरत नाही. मग स्वतंत्र छोटी निविदा. अंदाजपत्रक नवं, दरसूची नवी, मंजुरी नवी. मोठे लोक येत नाहीत कारण रक्कम छोटी. छोटे लोक ३०-३५ टक्के खालचा दर भरतात आणि प्लांटच्या भाड्याचा हिशोब नंतर करतात. दोनदा निविदा, एकदा करार रद्द, ही तुमची दोन-तीन वर्षं. जवळपास दुसरं मोठं काम निघालं आणि तुकडा त्याला जोडला तरच तो पटकन होतो.

उच्चदाब

शिवाय रेल्वे ओलांडायची असेल तर विचारू नका. पुलाच्या सर्वसाधारण आराखड्याची मंजुरी, सुरक्षा आयुक्तांची परवानगी आणि गर्डर चढवायला ब्लॉक. दोन्हीकडची चढणं बांधून तयार, मधला गाळा मोकळा. तोही एक 'तुकडा'च, फक्त हवेतला.

रेवा

मग वगळलेल्या तुकड्याची निविदा निघाली तर ती खरी आहे की नुसती तारीख ढकलणं, हे कागद बघून कळतं का?

निविदाधारक

बऱ्यापैकी. परिमाण पत्रक, म्हणजे निविदेतली कामांची मापनिहाय यादी, उघडायचं. सेवावाहिन्या हलवण्याची रक्कम वेगळी दाखवलीय का? वळण रस्ता आणि वाहतूक नियोजनाला पैसे आहेत का? डांबर आणि खडी किती अंतरावरून धरलीय? पाच-सात किमी लिहिलं असेल आणि त्या परिघात चालू प्लांटच नसेल तर समजायचं, हे अंदाजपत्रक मुख्य कामाच्या फाइलीतून उतरवलंय. पुन्हा निविदा निघणार.

सातबारा

आणि राजपत्रात त्या गटांचं ३डी शोधा. नुसतं ३ए असेल तर त्याची तारीख बघा, वर्ष भरत आलंय का ते.

टोलभैरव

तोवर निदान त्या पिंपांचं रेडियम तरी बदला. उडून गेलंय.